भूत जपानी, जीभ अमेरिकी

रेडिओवर बोलणाऱ्याला चेहरा नसतो. गेली पंचवीसेक वर्षं मी अधूनमधून आकाशवाणीवर कविता वाचत आलो आहे. एकदा मंडईत कांद्याचा भाव विचारला, तर गाळ्यावरच्या माणसानं मान वर केली आणि म्हणाला, "तुम्ही रेडिओवर बोलता ना?" मग माझ्याकडे नीट पाहून तो थोडा हिरमुसला. त्यानं मनात कोणी उंचापुरा, रुबाबदार शायर उभा केला असणार. माझ्या आवाजाला त्यानं आपल्या पदरचा एक चेहरा चिकटवला होता, आणि तो माझा नव्हता.

आज बोलायचं आहे ते याच्या उलट प्रकाराबद्दल. चेहरा एकाचा, आवाज दुसऱ्याचा. त्याला आपण डबिंग म्हणतो. त्यातही एका अशा कार्टून मालिकेबद्दल, की जिच्यातली मुलं जपानी, शाळा जपानी, भुतंही जपानी. पण त्यांच्या तोंडून निघणारं बोलणं मात्र अमेरिकेतल्या टेक्ससमध्ये घडवलेलं. तेही असं, की मूळ लिहिणाऱ्यानं ऐकलं तर कपाळाला हात लावावा.

मालिकेचं जपानी नाव 'गाक्को नो काइदान', म्हणजे शाळेतल्या भुतांच्या गोष्टी. इंग्रजीत ती 'घोस्ट स्टोरीज' या नावानं ओळखली जाते. माझी भाची पुण्यात शिकते. ईदेच्या सुट्टीत घरी आली तेव्हा लॅपटॉप माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "मामू, पाचच मिनिटं बघा." पाच मिनिटांचा दीड तास झाला. मी इतका हसलो, की बहीण हातातलं लाटणं तसंच घेऊन बाहेर आली. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र मनात आलं, आपण नेमके कशाला हसलो? या एका प्रश्नापायी मी नंतर बरंच वाचलं, मूळ जपानी आवाजातले भागही बसून पाहिले.

आधी त्या भुतांची ओळख करून द्यायला हवी, कारण सगळी गोम तिथंच आहे.

जपानमध्ये शाळेला भुतं असतातच. 'शाळेतली सात आश्चर्यं' असा तिथल्या मुलांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला प्रकार आहे. संगीताच्या खोलीतला पियानो रात्री आपोआप वाजतो. जिन्याची एक पायरी रात्री वाढते. विज्ञानाच्या वर्गातला हाडांचा सापळा चालतो. प्रत्येक शाळेची यादी थोडी वेगळी, पण आकडा सातच. आणि सातही गोष्टी ज्याला कळल्या त्याचं काही खरं नाही! या सगळ्यांत नामांकित भूत म्हणजे हनाको. तिसऱ्या मजल्यावर मुलींच्या संडासात जायचं, तिसऱ्या दारावर तीन टकटका द्यायच्या आणि विचारायचं, "हनाको-सान, आहात का?" आतून बारीक आवाजात उत्तर येतं, "हाय." जपानीत 'हाय' म्हणजे 'हो'.

यातला 'सान' हा शब्द लक्षात ठेवा. 'सान' म्हणजे आदरार्थी प्रत्यय, आपल्या 'ताई', 'राव', 'बाई' यांच्या जवळचा. मुलं भुताला अहोजाहो करतात. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. रात्री सापाचं नाव घेत नाहीत, 'लांबडं' म्हणतात, 'जनावर' म्हणतात. ज्या रोगानं घरंच्या घरं बसवली त्याला आपण 'देवी' म्हटलं. जिची भीती वाटते तिला मान द्यायचा, ही रीत आपल्या आजीला जितकी ठाऊक होती तितकीच जपानी मुलांना ठाऊक आहे. इंग्रजीत मात्र 'यू' एकच. मालकाला 'यू', नोकराला 'यू', भुतालाही 'यू'. तो 'सान' इंग्रजीत गेला, की एक तर गळून पडतो, नाही तर लग्नाच्या फेट्यासारखा नुसता शोभेला उरतो.

तोरू त्सुनेमित्सु नावाचे एक गृहस्थ टोकियोत माध्यमिक शाळेत शिक्षक होते आणि लोककथांचे अभ्यासक. लोककथा गोळा करायला लोक खेड्यापाड्यांत, म्हाताऱ्याकोताऱ्यांकडे जातात. यांनी आपल्याच वर्गातल्या मुलांना विचारायला सुरुवात केली. मधल्या सुट्टीत मुलं एकमेकांना कुजबुजत सांगतात ती गोष्ट म्हणजेसुद्धा लोकसाहित्यच, हे त्यांनी ओळखलं. मला हा माणूस फार आवडला. त्यांनी जमवलेल्या गोष्टींची 'गाक्को नो काइदान' ही पुस्तकमाला १९९० पासून निघू लागली आणि मुलांनी ती डोक्यावर घेतली. १९९५ मध्ये त्यावर चित्रपट आला, त्याचे आणखी भाग निघाले, आणि २००० च्या ऑक्टोबरमध्ये फुजी टीव्हीवर दर रविवारी ही कार्टून मालिका सुरू झाली. मार्च २००१ पर्यंत वीस भाग झाले. स्टुडिओ 'पिएरो', दिग्दर्शक नोरियुकी आबे. पुढं 'ब्लीच' ही गाजलेली मालिका केली तेच हे.

मालिकेची गोष्ट साधी आहे. सात्सुकी नावाची मुलगी, तिचा धाकटा भाऊ केइइचिरो आणि वडील एका गावात राहायला येतात. मुलांची आई, कायाको, वारलेली आहे. हे आईचंच गाव, आणि सात्सुकीचं नाव जिथं घातलं तीच आईची शाळा. शाळेच्या मागं जुनी लाकडी इमारत ओस पडून आहे. तिथं मुलांना आईची वही सापडते. आई लहानपणी या गावातल्या भुतांना एकेक करून झोपवत असे आणि कोणत्या भुताला कसं झोपवलं ते वहीत लिहून ठेवत असे. आता गावात बांधकामं निघाली, झाडं तुटली, डोंगर खोदले गेले आणि ती झोपलेली भुतं उठली. सात्सुकी दर भागात आईची वही उघडते, आईनं लिहिलेलं वाचते आणि तेच करू पाहते.

म्हणजे वरवर भुताखेतांचा खेळ, पण आत पाहिलं तर एक पोरकी मुलगी आईच्या अक्षरात आपला रस्ता शोधते आहे. घरातल्या मांजरीचं नावसुद्धा आईच्या नावावरून, 'काया'. आणि त्याच मांजरीच्या अंगात एक भूत अडकतं. त्याचं नाव अमानोजाकु.

हा अमानोजाकु जपानी लोककथांतला जुना खट्याळ राक्षस. याचा स्वभाव उफराटा. पूर्व म्हटलं की पश्चिम. जपानी माणूस रोजच्या बोलण्यातही, मुद्दाम उलटं वागणाऱ्या पोराला 'अमानोजाकु आहेस नुसता' म्हणतो. तेव्हा जपानी मुलाला नाव ऐकताच कळतं की हे मांजर मदत करणार नाही म्हणेल आणि करेल. इंग्रजी ऐकणाऱ्याला ते फक्त एक लांबलचक, उच्चारायला अवघड नाव. अर्थ सगळा विमानतळावरच जप्त.

भुतांचं भाषांतर करणं किती कठीण, हे समजायला जपानला जायची गरज नाही. आपला मुंजा घ्या. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आधीच गेलेला मुलगा, पिंपळावर राहतो. हे इंग्रजीत सांगायचं तर आधी मुंज समजवा, मग सोडमुंज, मग पिंपळ. तोवर ऐकणारा जांभया देऊ लागलेला असतो. समजावून सांगितलेल्या भुताला कोण भिणार? किंवा कोकणातला खवीस. शब्द अरबी, 'खबीस', म्हणजे अपवित्र, दुष्ट. मुसलमान मेला की त्याचं भूत खवीस होतं, अशी समजूत एन्थोवेन साहेबांनी कोकणच्या लोकसमजुतींच्या संग्रहात नोंदवून ठेवली आहे. भुतांच्या या जातवार यादीत आमच्यासाठी एक जागा राखून ठेवलेली आहे हे वाचून बरं वाटून घ्यावं की वाईट, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

तर अशा या मालिकेची इंग्रजीत दोन रूपं झाली. एक 'अ‍ॅनिमॅक्स' या वाहिनीनं केलं. ही वाहिनी २००४ पासून २०१७ पर्यंत आपल्याकडेही दिसत असे. दक्षिण आणि दक्षिण-पूर्व आशियासाठी केलेलं हे डबिंग सरळ होतं, जपानीत जे आहे ते इंग्रजीत. आज ते कोणाच्या फारसं लक्षातही नाही.

दुसरं रूप ह्यूस्टनच्या 'एडीव्ही फिल्म्स' या कंपनीनं केलं आणि २००५ मध्ये डीव्हीडीवर आणलं. 'निऑन जेनेसिस इव्हँजेलियन'सारखी गाजलेली मालिका अमेरिकेत नेणारी ही कंपनी. २००९ मध्ये ती बंद पडली. ही भुतांची मालिका जशीच्या तशी अमेरिकेत खपेल, असा भरवसा त्यांना नव्हता. मग दिग्दर्शक स्टीव्हन फॉस्टर यांनी संवाद मुळातून बदलले. या कामातल्या मंडळींनी पुढे सांगितलेली हकिकत अशी, की जपानकडून अटी घातल्या गेल्या त्या तीनच. पात्रांची आणि भुतांची नावं बदलायची नाहीत. भूत ज्या रीतीनं हरतं ती रीत बदलायची नाही. आणि प्रत्येक भागाची मूळ गोष्ट बदलायची नाही. बाकी मोकळं रान.

मोकळं रान म्हणजे किती मोकळं? मालिकेतली शांत, समजूतदार मोमोको ही मुलगी येशूचा प्रचार करत हिंडणारी कट्टर ख्रिस्तभक्त झाली. चष्मेवाला लिओ ज्यू झाला. शेजारचा हाजिमे आचरट आणि तोंडाळ झाला. धाकटा केइइचिरो मंदबुद्धी ठरला. आणि भुतापुढे उभी राहून ही पाचवी-सहावीतली मुलं त्या काळातल्या अमेरिकी पुढाऱ्यांवर, सिनेनटांवर, एकमेकांच्या धर्मावर अशा कोट्या करू लागली, की आपण त्या चारचौघांत उच्चारू नयेत.

हे घडलं कसं, ते कळायला डबिंगची खोली डोळ्यांपुढे आणावी लागेल. जपानमध्ये कार्टूनला आवाज देणारे कलाकार साधारणपणे एकत्र उभे राहतात. समोर पडदा, हातात संहिता, मध्ये तीन-चार माइक. ज्याचं वाक्य तो पुढं येतो, बोलतो, मागं सरकतो, तेही पानाचा आवाज होऊ न देता. आपल्या श्रुतिकांचं ध्वनिमुद्रण ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल. अमेरिकेत बहुतेक वेळा एकेक कलाकार एकटाच काचेच्या खोलीत जातो. कानाला हेडफोन. टुक, टुक, टुक असे तीन ठोके पडतात, आणि चौथा जिथं पडायचा तिथं वाक्य सुरू करायचं. पडद्यावरच्या तोंडाची उघडझाप संपली की वाक्यही संपलं पाहिजे.

कार्टूनचं एक सुख आहे. खऱ्या नटाचे ओठ प्रत्येक अक्षराला वेगळे हलतात. जपानी कार्टूनमध्ये बहुधा तीनच तोंडं काढलेली असतात: मिटलेलं, अर्धवट उघडं, पूर्ण उघडं. त्यामुळे त्या तोंडात कोणतंही बोलणं बसवता येतं. बिचारं चित्र हरकत घेत नाही. 'आई' म्हणणाऱ्या तोंडात शिवीही सहज मावते.

या मालिकेत आणखी एक गंमत झाली. जो कलाकार त्या भागासाठी आधी येईल, त्यानं आपल्या वाक्यांत काय खोड्या करायच्या ते ठरवायचं, आणि मागून येणाऱ्यानं तो धागा पुढं ओढायचा. कव्वालीत एकानं मिसरा टाकावा आणि दुसऱ्यानं गिरह लावावी, तसं काहीसं. फरक इतकाच, की इथं पहिला गाणारा गाऊन घरी निघून गेलेला असतो. ऐकताना हे कळतं. संवाद लिहिल्यासारखे वाटत नाहीत, तोंडातून निसटल्यासारखे वाटतात. हिलरी हाग, ग्रेग एअर्स, मोनिका रिआल, रॉब मंगल ही सगळी सराईत माणसं, आणि त्यांची वेळेची जाण पक्की. हसू येतं ते त्या वेळेमुळे. वाक्य जरा उशिरा पडलं असतं तर विनोद मेला असता.

इथं कविता लिहिणारा म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते. जपानी वाक्याची बांधणी आपल्यासारखी आहे. क्रियापद शेवटी, आणि नकारही शेवटी. 'मला भीती वाटत' इथपर्यंत वाक्य आलं तरी ऐकणाऱ्याला ठाऊक नसतं, की वाटते की वाटत नाही. जपानीत 'कोवाकु नाइ' म्हणजे 'भीती वाटत नाही'. गंमत पाहा, तिथंही शेवटी 'नाइ', इथंही शेवटी 'नाही'. भुताच्या गोष्टीला अशी भाषा फार मानवते, कारण धक्का शेवटच्या अक्षरापर्यंत लपवून ठेवता येतो. इंग्रजीत 'आय अ‍ॅम नॉट' इथंच सगळं उघडं पडतं. तेव्हा सरळ भाषांतर करणाऱ्यांची भीती वाटेत सांडते, ती केवळ त्यांच्या नालायकीमुळे नव्हे. मराठीत या मालिकेचं डबिंग झालं तर जपानी तोंडात मराठी वाक्य इंग्रजीपेक्षा नीट बसेल, अशी माझी खात्री आहे. हनाको-सानला आपण 'हनाकोताई' म्हणू, आणि तेवढ्यानंही मान थोडी थरथरेल.

असले उद्योग करणारे हे पहिले नव्हेत. वुडी अ‍ॅलन यांनी १९६६ मध्ये एक जपानी हेरपट उचलला, त्यातले सगळे संवाद काढले आणि अंड्याच्या सॅलडची गुप्त पाककृती शोधणाऱ्यांची गोष्ट त्यावर चढवली. 'व्हॉट्स अप, टायगर लिली?' हा तो चित्रपट. आपल्याकडे मोबाइलवर इंग्रजी सिनेमातल्या मारामाऱ्यांना कोल्हापुरी बोली लावलेली असते, तो याच कुळातला प्रकार. याच्या दुसऱ्या टोकाला 'शुद्धीकरण' करणारे असतात. 'पोकेमॉन'च्या इंग्रजी रूपात भाताचे जपानी गोळे हातात धरून पात्र म्हणतं, हे जेली भरलेले डोनट. समोर पांढराशुभ्र भात दिसतो आहे! अमेरिकी पोरांना भात समजणार नाही, अशी कुणाची तरी समजूत. मला यापेक्षा ह्यूस्टनवाले परवडले. ते खोटं बोलतात, पण खोटं बोलतोय हे लपवत नाहीत. शिवाय त्यांच्या डीव्हीडीवर मूळ जपानी आवाज आणि त्याचं सरळ भाषांतर पट्टीवर दिलेलं होतं. ज्याला खरं ऐकायचं त्यानं बटण दाबावं.

आपल्या मराठी रंगभूमीला रूपांतराचं वावडं नाही. देवलांचा 'झुंझारराव' म्हणजे ऑथेल्लोच. पुलंची 'ती फुलराणी' शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून. पण तिथं घर बदललं, कपडे बदलले, माणसंच आपली आली. इथं घर, कपडे, माणसं, त्यांच्या डोळ्यांतलं पाणीसुद्धा तसंच आहे, आणि फक्त जीभ बदलली आहे. सात्सुकी आईची वही छातीशी धरून उभी असते, मागं संथ संगीत चालू असतं, आणि आवाज मात्र टिंगलीचा. याला स्वैर रूपांतर म्हणावं, की दुसऱ्याच्या घरात शिरून भिंतीवरच्या फोटोला मिशा काढणं म्हणावं?

मिशा काढलेल्या फोटोला आपण हसतो, हे खरं. मीही हसलो. पण कुठं हसलो आणि कुठं थबकलो, याचा मी शोध घेतला.

मोमोकोच्या धर्मप्रचाराला मी हसलो. टेक्ससमध्ये ख्रिस्ती धर्मप्रचार करणारे घरोघरी आहेत. तिथल्या कलाकारांनी आपल्याच शेजाऱ्यांची, आपल्याच दारची टोपी उडवली. त्याला थोडं धाडस लागतं. लिओच्या ज्यू असण्यावर जेव्हा तेच ते विनोद येऊ लागले, तेव्हा माझं हसू आटलं. आणि केइइचिरोच्या मंदबुद्धीपणावर तर मला हसूच आलं नाही. मूळ मालिकेत तो फक्त लहान आहे, घाबरट आहे आणि आई गेलेली आहे, इतकंच.

मी शाळेत होतो तेव्हा हजेरी घेताना माझं नाव आलं, की वर्गात एक ठरावीक खसखस पिकायची. कोणी वाईट नव्हतं. मुलं माझ्या डब्यातलं खायची, मी त्यांच्या डब्यातलं. पण त्या हसण्याची लय मला आजही पाठ आहे, कुठल्याही भाषेत ऐकली तरी ओळखू येते. चाळीस मुलांत एकटाच असलेल्या लिओचं नाव आल्यावर उठणारं हसू आणि मोमोकोच्या उपदेशाला उठणारं हसू, ही दोन वेगळी हसू आहेत. लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं याच्याशी मला कर्तव्य नाही. कानाला फरक कळतो.

आणखी एक बाब काळानं दाखवून दिली. २००५ मधल्या पुढाऱ्यांवरच्या आणि नटांवरच्या त्या कोट्या आज माझ्या भाचीलाही कळत नाहीत. "हा कोण?" म्हणून ती मोबाइलवर शोधते, आणि मग हसते. भुताची भीती समजावून सांगावी लागते म्हणून ज्यांनी ती टाकली, त्यांचेच विनोद आता समजावून घ्यावे लागतात. हनाकोला मात्र अजून टीप लागत नाही. बंद दार आणि आतून आलेला 'हो', एवढ्यावर तिचं भागतं.

तरीही मला त्या मंडळींवर सरसकट रागावता येत नाही. त्यांच्याकडे परवानगी होती. ज्यांची गोष्ट त्यांनी 'करा काय करायचं ते' म्हटलं होतं. मियाझाकींच्या 'प्रिन्सेस मोनोनोके'च्या वेळी उलट घडलं. त्यांच्या आधीच्या 'नौसिका' या चित्रपटाची अमेरिकेत १९८५ च्या सुमारास काटछाट करून वाट लावली होती. ती आठवण ताजी असल्यानं निर्माते तोशिओ सुझुकी यांनी अमेरिकी वितरकाला एक जपानी तलवार भेट दिली आणि सोबत दोन शब्द: 'कापाकापी नको.' ज्याला आपलं जपायचं असतं तो तलवार पाठवतो. ज्याला विकायचं असतं तो तीन अटी पाठवतो. पण या व्यवहारात त्या टोकियोतल्या शाळेच्या मधल्या सुट्टीतली मुलं कुठं होती? ज्यांनी हनाको घडवली, तोंडातोंडी सांभाळली, त्यांना कोण विचारणार? लोककथेचा मालक कोणी नसतो, म्हणून तिच्या वतीनं सही कोणीही करतो.

हे मी जरा कडवटपणे बोलतो आहे, त्याला कारण आहे.

माझी एक जुनी कविता आहे, अम्मीवरची. आमच्या गावी विहिरीच्या वाटेवर चिंचेचं मोठं झाड होतं आणि त्याखालून जायला बायका भीत. उन्हाळ्यात विहीर आटलेली असे, झरे पाझरून पहाटेपर्यंत घागरभर पाणी साचे, म्हणून अंधारात जावं लागे. अम्मी आणि शेजारच्या काकू बरोबर जात. झाड आलं की अम्मी ओठांतल्या ओठांत आयतुल कुर्सी म्हणे आणि काकू रामरक्षा. दोघी एकमेकींचा हात घट्ट धरत. झाड गेलं की हात सोडत. एवढीच कविता. एका परगावच्या कार्यक्रमात तिचं हिंदी रूपांतर वाचलं गेलं. मला आधी दाखवलं नव्हतं. रूपांतर करणारा तरुण हुशार होता. त्यानं दोघींची जुगलबंदी केली. इकडून आयत, तिकडून श्लोक, आणि मध्ये गोंधळून गेलेलं बिचारं भूत. सभागृह खळाळून हसलं. टाळ्या पडल्या. माझ्या कोणत्याही कवितेला त्याआधी तेवढ्या टाळ्या पडल्या नव्हत्या.

मागाहून चहाच्या वेळी मी त्याला म्हणालो, "हे माझं नाही."

तो मनापासून म्हणाला, "सर, पण पोचलं ना लोकांना!"

मी गप्प बसलो. पोचलं होतं हे खरंच. अम्मी आणि काकू एका ओळीत उभ्या राहून लोकांना आवडल्या होत्या. पोचला नव्हता तो धरलेला हात, आणि झाड गेल्यावर सुटलेला. त्याच कवितेचं एक प्रामाणिक, ओळीला ओळ लावलेलं इंग्रजी भाषांतरही झालं होतं. त्यात चिंच होती, विहीर होती, दोन्ही प्रार्थना होत्या, शब्द एकही चुकला नव्हता. ते कोणी वाचल्याचं मला आजवर कळलेलं नाही.

म्हणून अ‍ॅनिमॅक्सच्या त्या विसरलेल्या डबिंगबद्दल मला माया वाटते आणि ह्यूस्टनच्या डबिंगबद्दल असूया. एकानं सगळं नेलं आणि काही पोचलं नाही. दुसऱ्यानं अर्धंअधिक फेकून दिलं आणि उरलेल्यावर जग हसवलं. आज जगात जी कोणी माणसं सात्सुकीला, हाजिमेला, त्या उफराट्या मांजराला ओळखतात, त्यांतली पुष्कळशी त्या थट्टेमुळे ओळखतात. त्यांतला एखादा हसता हसता बटण दाबून मूळ आवाजाकडे जातो. माझंच पाहा. मी त्सुनेमित्सु मास्तरांपर्यंत पोचलो तो त्या आचरट मुलांचं बोट धरून.

ईदेच्या सुट्टीतली शेवटची रात्र. भाचीला म्हटलं, एक भाग जपानीत लाव, खाली पट्टी वाचू. ती कुरकुरली, "मामू, त्यात मजा नाही." तरी लावला. त्या भागात जुन्या इमारतीतला अंधार होता, लाकडी जमिनीचा कुरकुर आवाज होता, आणि बरंच काही न बोललेलं होतं. ह्यूस्टनवाल्यांनी त्या मोकळ्या जागाही बडबडीनं भरल्या होत्या; मूळ मालिकेत त्या तशाच मोकळ्या होत्या. भाची आधी मोबाइल चाळत होती. मग मोबाइल बाजूला राहिला. वहीवर आईचं अक्षर दिसलं तेव्हा आम्ही दोघंही काही बोललो नाही.

आमच्या घरी संडास अजून अंगणाच्या पलीकडे आहे. लॅपटॉप मिटल्यावर भाची उठली, दारापर्यंत गेली आणि परत आली.

"मामू," ती म्हणाली, "जरा अंगणात उभे राहता का?"

मी चपला घातल्या.